चटईवर शिकलेलं डोंगरावर

गोल्फची गोष्ट निघाली की लोक दोन्ही हात जोडून हवेत काठी फिरवल्याची नक्कल करतात. पायांची नक्कल कुणी करत नाही. मी हा खेळ खारघरच्या डोंगराखाली शिकले आणि माझं मत असं झालंय की डोंगराळ कोर्सवर, म्हणजे गोल्फच्या मैदानावर, हातांचा नंबर नंतर लागतो. तिथं आधी उभं राहायला शिकावं लागतं. पन्नाशी उलटलेल्या बाईला उभं राहायला काय शिकवताय, असं मी आमच्या सरांना म्हणाले होते. ते हसले नाहीत.

मुळात कारण झाले गुडघे. प्रबळगड, कलावंतीण, कर्नाळा, जमेल तेव्हा राजगड असे रविवार वर्षानुवर्षं काढले होते. मग उतरताना गुडघे बोलायला लागले. हाडांचे डॉक्टर म्हणाले, "चढायला हरकत नाही, उतरणं टाळा." आता हे ट्रेकरने कसं करायचं? चालणं सुटू नये, डोंगर डोळ्यांसमोर असावा, पण हजार फूट खाली उतरावं लागू नये, असं काहीतरी हवं होतं. सकाळी सेंट्रल पार्कमध्ये फेऱ्या मारताना पलीकडे टोप्या घातलेली माणसं पिशव्या ओढत चाललेली दिसायची. त्यांच्यात निम्मे तरी माझ्याहून म्हातारे होते.

मुंबईत गोल्फ म्हटलं की चेंबूरचं 1927 सालचं बॉम्बे प्रेसिडेन्सी, नाहीतर हाजी अलीजवळचं 1918 सालचं विलिंग्डन. दोन्ही सभासदांचे क्लब. तिथं जायचं तर आपण सभासद असावं लागतं किंवा एखाद्या सभासदाचं बोट धरून जावं लागतं. खारघरचा कोर्स नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने बांधलेला आणि फी भरून सर्वसामान्यांना खेळता येईल असा. ही सोय नसती तर मी या वाटेला गेलेच नसते. घरी सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "म्हणजे चेंडू लांब फेकायचा आणि मग चालत तिथंच जायचं? मग हातात घेऊनच का जात नाहीस?" या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही.

सुरुवात ड्रायव्हिंग रेंजवर, म्हणजे फटक्यांच्या सरावाच्या जागी झाली. हिरवी चटई, बादलीभर चेंडू आणि सेव्हन आयर्न नावाची काठी. पहिले काही आठवडे सरांनी दुसरं काही हातात घेऊच दिलं नाही. भाच्याने त्याचा जुना अर्धा सेट दिला होता. नियमाने चौदा क्लब, म्हणजे काठ्या, नेता येतात, पण शिकणाऱ्याला सात पुरे होतात: ड्रायव्हर, एक हायब्रिड, पाच-सात-नऊचे आयर्न, जवळच्या फटक्यांसाठी एक वेज आणि चेंडू भोकात ढकलायला पटर. बाकीचे सात खांद्याला भार आणि डोक्याला घोर. पकड, खांद्यांचं वळण, डोकं स्थिर, हे सगळं यथावकाश जमलं. चेंडू सरळ नव्वद यार्ड जायला लागला आणि मला वाटलं, झालं की!

रेंजच्या चटईचा एक गुण असा की ती फार प्रेमळ असते. क्लब चेंडूच्या दोन इंच मागे जमिनीला लागला तरी चटईवरून घसरत पुढे जातो आणि चेंडू उडतो. खेळणाऱ्याला वाटतं, छान लागला. गवतावर तोच फटका मातीत रुततो आणि चेंडू हातभर पुढे जाऊन पडतो. शिवाय चटई सपाट असते. सरांनी पहिल्यांदा कोर्सवर नेलं तेव्हा एक पार-फोर होता, म्हणजे चार फटक्यांत संपवायचा होल, डोंगराकडे तोंड करून खेळायचा. टीवरून, म्हणजे पहिल्या फटक्याच्या जागेवरून बघताना फेअरवे, म्हणजे मधला कापलेल्या गवताचा पट्टा, गुळगुळीत गालिचा वाटला. चेंडूपाशी पोचले तर डावा पाय वर, उजवा खाली. पुढच्या फटक्याला दोन्ही पाय खाली आणि चेंडू वर. त्यापुढे चेंडू खाली आणि मी वर. सपाट अशी जागा फक्त टीवर होती, तीही माणसांनी मुद्दाम केलेली.

मला वाटलं होतं, इथं आपण सरस ठरणार. उतारावर पाय ठेवण्यात माझी हयात गेली आहे. सर म्हणाले, "तेच विसरायचंय."

त्याचं कारण समजायला मला बराच वेळ लागला, म्हणून ते सविस्तर सांगते. चढावर ट्रेकर काय करतो? शरीर उभं ठेवतो, डोंगराच्या बाजूला झुकतो. गोल्फमध्ये चढावरच्या चेंडूला तसं उभं राहिलं की क्लब खाली येताना सरळ डोंगरात घुसतो. मनगटाला झटका बसतो आणि चेंडू जागच्या जागी राहतो. इथं खांदे उताराला समांतर करावे लागतात. म्हणजे आपण मागे कलल्यासारखे दिसतो, वजन खालच्या उजव्या पायावर आणि क्लब चढाच्या रेषेत वर जाऊ द्यायचा. चेंडू उंच जातो, पण लांब जात नाही. म्हणून सेव्हनच्या जागी फाइव्ह घ्यायचा, तो चेंडू जास्त लांब नेतो. वर चेंडू थोडा डावीकडे ओढला जातो, तेही धरून चालायचं.

उतारावर याच्या उलट, आणि तिथं तर माझं शरीर बंडच करायचं. घसाऱ्यावरून उतरताना आपण मागे बसतो, टाच रोवतो. वर्षानुवर्षांची सवय. गोल्फमध्ये उतारावर मागे बसलं की क्लब चेंडूच्या आधीच मागच्या चढत्या जमिनीला लागतो. इथं वजन खालच्या डाव्या पायावर घेऊन, खांदे उताराकडे झुकवून, फटका मारल्यावरही क्लब उताराच्या मागे-मागे खाली न्यावा लागतो. कधीकधी फटक्यानंतर एक पाऊल आपोआप पुढे पडतं. सर म्हणायचे, पडू द्या, त्यात लाजायचं काही नाही. पण ज्या बाईने घसाऱ्यावर पुढे झुकणाऱ्यांना वीस वेळा ओरडून मागे बसायला लावलंय, तिला हे सांगणं सोपं आणि तिने ते करणं अवघड. उतारावर चेंडू बुटका निघतो, उजवीकडे सरकतो आणि पडल्यावर पळत सुटतो. म्हणून कमी लांब नेणारा क्लब घ्यायचा, सेव्हनच्या जागी नाइन.

आडव्या उतारांची आणखी वेगळी कथा. चेंडू पायांपेक्षा वर असेल तर क्लब थोडा खाली धरायचा, ताठ उभं राहायचं आणि निशाण्याच्या उजवीकडे रोखायचं, कारण चेंडू डावीकडे वळतोच. चेंडू पायांपेक्षा खाली असेल तर गुडघे जास्त वाकवायचे, वजन टाचांवर ठेवायचं, फटका संपेपर्यंत उंची बदलू द्यायची नाही आणि डावीकडे रोखायचं. या चौथ्या प्रकारात माझे गुडघे पुन्हा बोलायला लागतात. त्यामुळे अशा ठिकाणी मी हिरोगिरी करत नाही. वेज घेते, चेंडू जवळच्या सपाट जागी आणून ठेवते आणि एक फटका गेला तर गेला म्हणते. सोबतच्या पुरुष मंडळींना हे जमत नाही. ते तिथूनही ग्रीनच, म्हणजे भोकाभोवतीची बारीक गवताची जागाच, बघतात.

सराव कसा केला, ते सांगण्यासारखं आहे. रेंजवर उतार नसतो. मग सोसायटीच्या मागच्या गेटकडे जाणाऱ्या रॅम्पवर मी संध्याकाळी चेंडूशिवाय नुसती उभी राहायचे. क्लबही नाही, हातात छत्री. खांदे उताराला समांतर, वजन खालच्या पायावर, हळू फिरायचं, तोल जातो का बघायचं. वॉचमन आधी संशयाने बघायचा, नंतर त्याने एक दिवस विचारलं, "मॅडम, कंबरेचा व्यायाम आहे का?" मी हो म्हणाले. तो आता स्वतःही करतो.

अंतराचं गणितही डोंगरावर बदलतं. निशाण वर असेल तर दर तीस फूट उंचीला साधारण दहा यार्ड जास्त धरायचे, खाली असेल तर तितकेच कमी. हा ठोकताळा आहे, पण उपयोगी पडतो. दुपारी खाडीकडून वारा सुटला की तो पाठीवर घेऊन डोंगराकडे खेळताना चढाचा हिशोब थोडा फिटतो आणि परतीच्या होलांवर तोच वारा तोंडावर येतो. म्हणून मी सकाळीच जाते. हिवाळ्यात सातच्या सुमाराला हवा हलत नसते आणि दव असेपर्यंत चेंडू फार पळत नाही.

या सगळ्याहून मला जास्त गुंतवलं ते ग्रीननं. कागदावर पटिंग म्हणजे सव्वाचार इंच रुंद भोकात चेंडू ढकलणं. पहिल्या दिवसांत मी ग्रीनवर उभी राहून बघायचे, चेंडू डावीकडे जाईल असं स्पष्ट दिसायचं आणि तो उजवीकडे जायचा. अंदाज थोडाफार चुकला तर समजू शकते, पण दिशाच उलटी? एका सकाळी आमच्या कॅडीने, पिशवी घेऊन सोबत चालणारा, डोंगराकडच्या पाड्यातला बारकासा मुलगा आहे, मला थांबवलं.

"मॅडम, तुम्ही डोंगराकडं बघताय."

"मग?"

"डोंगराकडं बघाल तर ग्रीन उलटी दिसते. खाली कुठं पाणी जाईल ते बघा."

त्याचं म्हणणं असं होतं. समोर एवढी मोठी भिंत उभी असते. तिच्यापुढे ग्रीनचा खरा उतार बारीक वाटतो, आणि डोळा भिंतीच्या मानाने बाकी सगळ्याला सपाट किंवा उलट्या उताराचं ठरवतो. खरं तर आख्खी दरीच डोंगराकडून खाडीकडे कललेली आहे. कलत्या ताटात आमटी जशी एका कडेला धावते तसा चेंडू डोंगरापासून लांब जायला बघतो. त्या दिवसापासून मी ग्रीनवर जायच्या आधी, लांबूनच, डोंगराला पाठ करून एकदा बघून घेते. पावसाचं पाणी इथून कुठं वाहिलं असतं? उत्तर मिळालं की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं गवत ठरवतं. आपल्याकडच्या बर्मुडा गवताला लव असते. आपल्या बाजूने बघताना ते चकाकलं तर लव पुढे झुकलेली असते आणि चेंडू पळतो. गडद दिसलं तर लव आपल्याकडे असते, जोर जास्त लागतो. हेही त्यानेच दाखवलं. सरांनी मला फटका शिकवला, पण हा कोर्स वाचायला त्या मुलाने शिकवलं. दोघांची फी मात्र सारखी नाही.

पावसाळ्याबद्दल बरेच जण विचारतात. जुलैत तो डोंगर म्हणजे काय प्रकार असतो हे खारघरकरांना सांगायला नको. पांडवकडा धबधबा सुटतो, कड्यावर पांढऱ्या रेघाच रेघा, आणि तिकडे जायला बंदी असल्यामुळे नाक्यावर पोलीस. खाली कोर्सवर पाणी ओहळ शोधत येतं. चेंडू पडला की उडत नाही, जमिनीत रुतून बसतो. अशा वेळी नियम आपल्या बाजूने असतात आणि ते माहीत असले तर फटके वाचतात. चेंडू आपल्याच पडण्याने झालेल्या खळग्यात रुतला असेल तर उचलायचा, पुसायचा आणि लगतच एका क्लबच्या लांबीत, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा. दंड नाही. साचलेल्या पाण्यात पाय किंवा चेंडू असेल तरीही तसाच दिलासा मिळतो. पूर्वी खांद्याच्या उंचीवरून चेंडू सोडत, 2019 पासून गुडघ्यावरून. त्याच वर्षी हरवलेला चेंडू शोधायची मुदत पाच मिनिटांवरून तीनवर आली. पावसाळ्यातल्या कमरेएवढ्या गवतात तीन मिनिटं म्हणजे काहीच नाही. म्हणून झाडीकडे गेल्यासारखा वाटला की मी लगेच "प्रोव्हिजनल", म्हणजे तात्पुरता चेंडू, असं जाहीर करून दुसरा चेंडू मारून ठेवते, नाहीतर परत मागे तेवढं चढून यावं लागतं. नवीन चेंडू मी पावसाळ्यात काढतच नाही. नाल्यातून काढून विकायला आलेले जुने चेंडू स्वस्त मिळतात. त्यांच्यावर कुठल्या-कुठल्या कंपन्यांचे शिक्के असतात, आणि कुणा साहेबाचा चेंडू आपण हाकतोय याची एक वेगळी मजा असते.

विजेच्या बाबतीत मात्र थट्टा नाही. मोकळ्या जागेत हातात लोखंडी काठी घेऊन उभं राहणं म्हणजे वेडेपणा. गडगडाट ऐकू आला की आम्ही आहे तिथं खेळ टाकून आत येतो.

उन्हाळ्याबद्दल बोलायला मला थोडं जड जातं. एप्रिल-मेमध्ये आमच्या सोसायटीत टँकर येतो, आणि मी सकाळी हिरव्यागार गवतावर उभी असते. हे टोचतं. डोंगराच्या कुशीत एवढी मोकळी जमीन इमारतींखाली गेली नाही, तिथं टिटव्या आणि बगळे दिसतात, हा मुद्दा मी वादात मांडते. समोरचा पाण्याचा मुद्दा मांडतो. दोघांचंही खरं असतं. मी खेळणं सोडलेलं नाही आणि वाद जिंकल्याचंही मला वाटत नाही.

हळूहळू एक चौकडी जमली. एक निवृत्त बँकवाले काका, एक दंतवैद्य बाई, एक आयटीतला मुलगा आणि मी. पहिल्यांदा आम्ही सगळे फटके मोजून बेरीज करायचो. डोंगराळ कोर्सवर शिकाऊ माणसाला ही पद्धत जीवघेणी आहे. एका होलवर उतारात अडकलात, बारा फटके झाले, की पुढचे सगळे होल त्या बाराचं ओझं घेऊन चालायचे. मग काकांनी स्टेबलफोर्ड सुचवलं. फ्रँक स्टेबलफोर्ड नावाच्या इंग्लिश डॉक्टरांची ही पद्धत आजच्या रूपात 1932 साली वॉलसी इथं खेळली गेली. यात फटक्यांची बेरीज नसते, प्रत्येक होलला गुण असतात. आपल्या वाट्याच्या पारला, म्हणजे त्या होलच्या ठरलेल्या फटक्यांना, दोन, एक जास्त लागला तर एक, एक कमी लागला तर तीन, आणि दोन किंवा त्याहून जास्त फटके जादा लागले तर शून्य. शून्य दिसलं की चेंडू उचलायचा आणि पुढे चालायचं. मागच्यांचा खोळंबाही होत नाही.

आपला वाटा ठरतो हँडिकॅपवर, म्हणजे कमी सरस खेळाडूला मिळणाऱ्या सवलतीच्या फटक्यांवर. जगभरासाठी 2020 साली एकच पद्धत आली, तिच्यात कमाल हँडिकॅप 54 आहे. आम्ही आमच्यापुरतं, काकांच्या वहीत, मला 36 दिलंय. अठरा होलांवर 36 म्हणजे प्रत्येक होलला दोन फटके मोफत. पार-फोरवर मी सहा फटक्यांत पोचले तरी मला पूर्ण दोन गुण. दंतवैद्य बाईंना हे अन्यायाचं वाटतं, कारण त्यांचं हँडिकॅप कमी आहे आणि एकदा मी त्यांना हरवलं. त्या म्हणाल्या, "हे म्हणजे वजन कमी सांगून कुस्ती खेळणं." काकांनी वही पुढे केली.

त्या दिवशी मी जिंकले ते लांब फटक्यांमुळे नव्हे. माझा ड्रायव्हर अजून दीडशे यार्डांच्या आतच आहे. पण ज्या होलांवर बाकीचे आडव्या उतारावरून ग्रीन गाठायला गेले आणि झाडीत पोचले, तिथं मी वेजने सपाटीवर आले आणि तिथून पुढे गेले. बाकी पटिंगला कॅडीचं पाण्याचं गणित.

गुडघ्यांचं विचाराल तर अठरा होल चालले की आठ-दहा किलोमीटर सहज होतात, आणि ते चढ-उतार लहान-लहान असल्यामुळे सोसतात. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, "चालेल, पण फटका मारताना डावा गुडघा पिळवटू देऊ नका." म्हणून मी डावं पाऊल थोडं बाहेर वळवून उभी राहते. सरांनीही ते मान्य केलं. गुडघ्यांची तक्रार असलेल्यांनी हे पहिल्या दिवसापासून करावं.

आता चौकडीचं पुण्याकडच्या लवळ्याच्या कोर्सवर जायचं ठरतंय. तो खरोखर डोंगरावर आहे, तिथले उतार बघून आलेला आयटीतला मुलगा जरा गंभीर झाला होता. मी सध्या रॅम्पवर उताराकडे तोंड करून, छत्रीऐवजी खरा नाइन आयर्न घेऊन उभी राहते. वॉचमन म्हणतो, ती काठी जड आहे, व्यायाम जास्त होत असेल.